घरातील कन्सील्ड लाइटिंग : पार्श्वभूमी

छताच्या कडेने फिरणारी, दिवा कुठेही न दिसता भिंतीवर उतरणारी उजेडाची पट्टी, म्हणजेच कन्सील्ड (लपवलेली) लाइटिंग, घरांच्या अंतर्गत सजावटीत आता इतकी रुळली आहे की ती अलीकडची हौस वाटावी. दिवा नजरेआड ठेवून केवळ उजेड दाखवण्याची इच्छा मात्र बरीच जुनी आहे. ती घरापर्यंत पोहोचायला उशीर झाला तो दिव्यांमुळे, कारण उजेड ज्योतीचा होता तोवर दिवा लपवायचा म्हणजे छताच्या पोकळीत विस्तव ठेवायचा, असाच त्याचा अर्थ होता.

त्यामुळे या कल्पनेचा एक अत्यंत प्रभावी जुना नमुना दिव्याचा नसून सूर्यप्रकाशाचा आहे. रोममधील सांता मारिया देल्ला व्हित्तोरिया या चर्चमध्ये इटालियन शिल्पकार बर्निनीने १६४७ ते १६५२ या काळात कोर्नारो चॅपेल साकारले. तेथील संत तेरेसाच्या शिल्पावर पडणारा प्रकाश वर दडवलेल्या एका खिडकीतून येतो आणि शिल्पामागच्या सोनेरी किरणांवरून खाली ओघळतो. समोर उभे राहणाऱ्याला ती खिडकी दिसत नाही. नाट्यगृहांनीही रंगमंचाच्या पुढच्या कडेला दिव्यांची रांग मांडून प्रेक्षकांच्या बाजूने आडोसा घालण्याची रीत पाळली, पण त्यासाठी लागणारी देखरेख आणि पत्करावा लागणारा आगीचा धोका घरात परवडणारा नव्हता. गॅसच्या दिव्यांनी उजेड वाढवला, मात्र उष्णता आणि काजळीही वाढवली.

१८७९ मध्ये एडिसनने कार्बनच्या तंतूचा व्यवहार्य विद्युतदिवा दाखवला, तरी लगेच कोणी दिवे लपवू लागले नाही. तो दिवा मंद होता, नवलाईचा होता आणि लोक तो कौतुकाने उघडा टांगत. चित्र बदलले ते टंगस्टनमुळे. अमेरिकी संशोधक कूलिजने १९१० मध्ये टंगस्टनची लवचिक तार तयार केली, १९१३ मध्ये त्याच देशातील शास्त्रज्ञ लँगम्युअरचा वायूने भरलेला दिवा आला, आणि आता उघड्या दिव्याकडे पाहिले की डोळे दिपू लागले. प्रकाशयोजनेचा शास्त्र म्हणून विचार करणारी अमेरिकेतील संस्था १९०६ मध्येच न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली होती; तिच्या काळात या दिपण्याची चर्चा वाढत गेली. आज निव्वळ शोभेची मानली जाणारी ही पद्धत बऱ्याच अंशी डोळ्यांच्या त्रासावरचा उपाय म्हणून घरात आली, ही गोष्ट सजावटीच्या गडबडीत सहसा विसरली जाते.

वास्तुरचनेतच दिवा सामावून घेण्याचे काम अमेरिकी वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांनी लवकर केले. शिकागोतील रॉबी हाउस या घरात (१९१०) त्यांनी उघड्या गोल दिव्यांच्या जोडीला छताच्या खालच्या पातळीत, लाकडी जाळ्यांच्या मागे दिवे बसवले. पुढे चित्रपटगृहांनी आणि मोठ्या प्रेक्षागृहांनी ही कल्पना भव्य केली. १९३२ मध्ये सुरू झालेल्या न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये एकामागे एक असलेल्या कमानींच्या खाचांतून रंगीत उजेड छतावर पसरतो.

सर्वसामान्य घरांसाठी खरा बदल १९३८ मध्ये बाजारात आलेल्या ट्यूबलाइटने केला. ती लांब होती, तुलनेने थंड राहत होती आणि पडद्यावरच्या पेल्मेटमागे (पडद्याची दांडी झाकणाऱ्या फळीमागे) सहज मावत होती. तिचा दोषही तितकाच स्पष्ट होता: दोन ट्यूबांच्या सांध्यापाशी छतावर काळसर डाग पडे, म्हणून टोके एकमेकांवर चढवून त्या बसवाव्या लागत. शिवाय ती मंद करणे कठीण होते. अमेरिकी संशोधक जोएल स्पिरा यांनी १९५९ मध्ये विकसित केलेला घरगुती डिमर (उजेड कमी-जास्त करणारे बटण) साध्या बल्बसाठी होता. दरम्यान १९५२ मध्ये अमेरिकी प्रकाशयोजनाकार रिचर्ड केली यांनी प्रकाशाची तीन कामे मांडली: सर्वत्र पसरणारा उजेड, एखाद्या जागी खेचणारा उजेड आणि चमचमणारा उजेड. लपवलेला उजेड प्रामुख्याने पहिले काम करतो, आणि घरातील सगळे दिवे त्याच पद्धतीचे केले की खोली सपाट, सावलीविना दिसते; ही केलींच्या मांडणीवरून काढता येणारी सूचना आजही अनेक आराखड्यांत दुर्लक्षित राहते.

जिप्सम बोर्डाच्या फॉल्स सीलिंगने दिवा दडवण्याची खाच सोपी केली आणि एलईडीने दिवा जवळजवळ नाहीसा केला. निळा एलईडी १९९३ मध्ये जपानी संशोधक नाकामुरा यांनी तेजस्वी स्वरूपात आणल्यानंतर, त्यावर फॉस्फरचा (निळा उजेड शोषून दुसऱ्या रंगाचा उजेड देणाऱ्या पदार्थाचा) थर देऊन पांढरा उजेड मिळू लागला. निळ्या एलईडीसाठी त्यांना आकासाकी व अमानो यांच्यासह २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आता बोटभर रुंदीची, १२ किंवा २४ व्होल्टवर चालणारी, ठरावीक खुणांवर कापता येणारी पट्टी कोणत्याही खाचेत चिकटवता येते. मात्र ती भिंतीला अगदी लगटून बसवली तर घासून जाणाऱ्या उजेडात पुट्टीचा प्रत्येक उंचवटा उघडा पडतो, आणि खाली चकचकीत फरशी असेल तर एलईडीचे ठिपके मोजता येतील इतके स्वच्छ उमटतात. यासाठीच दुधी झाकणाचे ॲल्युमिनियम प्रोफाइल (पट्टी बसवण्याची लांब पन्हळ) वापरात आले. ते उजेड पसरवते आणि पट्टीची उष्णताही ओढून घेते. बल्ब बदलायला शिडी पुरत असे. इथे ड्रायव्हर (पट्टीला योग्य व्होल्टेज पुरवणारे उपकरण) बंद पडला आणि सीलिंगमध्ये झडप ठेवलेली नसली, तर बोर्ड कापावा लागतो.