मक्याची पिशवी कुंडीत का कुजत नाही?

‘मक्यापासून बनवलीय, टाका बिनधास्त, मातीत माती होईल.’ २०१८च्या प्लास्टिकबंदीनंतर महाराष्ट्रात हे वाक्य जास्तच कानावर पडू लागलं. अर्धं खरं आहे. घोळ उरलेल्या अर्ध्यात आहे.

वस्तू कशापासून बनली आणि ती कुजते का, या दोन वेगळ्या गोष्टी. ब्राझीलमध्ये उसापासून पॉलिथिन बनतं. ते नेहमीच्या पॉलिथिनइतकंच चिवट. उलट पीबॅट नावाचं प्लास्टिक खनिज तेलातून येतं, तरी त्याचं कंपोस्ट होतं. मक्याच्या स्टार्चपासून बनणाऱ्या पीएलए या प्लास्टिकला नीट कुजायला साधारण ५८ अंश सेल्सिअस उष्णता, ओलावा आणि जंतू एकत्र लागतात. मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात ते जमतं. बाल्कनीतल्या कुंडीत नाही, नाल्यात तर नाहीच.

‘पण या आवरणात लवंगेचा अर्क आहे, मग तर लवकर कुजेल!’ छे. लवंग तेलातलं युजेनॉल अन्नाच्या आवरणात घालतात तेच मुळी बुरशी आणि जंतू रोखायला. ते कुजण्याला घाई कशाला करेल? मात्रा जास्त झाली तर उलट उशीरच होऊ शकतो. अर्काचं काम अन्न टिकवायचं, किंवा ते बिघडल्याचं सांगायचं. यातला दुसरा प्रकार मला जास्त भारी वाटतो: मासळी बिघडताना अमाइन नावाची रसायनं सुटतात आणि लाल कोबीचा अर्क घातलेली जांभळट फिल्म निळसर-हिरवी पडते.

पिशवी घेताना हिरव्या पानाचं चित्र सोडा. ‘कंपोस्टेबल’ हा शब्द आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांक शोधा.