तुरुंगावरचा खर्च वेगळा, कैद्यावरचा वेगळा

‘आपल्या कराच्या पैशावर कैदी पोसले जातात’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेलं असतं. त्यामागचा हिशोब असा: तुरुंगांसाठीची एकूण रक्कम घ्यायची, कैद्यांच्या संख्येने भागायची आणि येईल तो आकडा एका कैद्याच्या नावावर मांडायचा. भागाकार चुकत नाही. पण त्यातून निघतो तो तुरुंग चालवण्याचा दरडोई खर्च. कैद्यावर होणारा खर्च हा त्यातला एक हिस्सा, तोही निम्म्याहून बराच कमी.

एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) तुरुंगविषयक अहवालात हे दोन्ही आकडे वेगवेगळे दिलेले असतात. २०१९-२० या वर्षात देशभरातल्या तुरुंगांसाठी ६,८१८.१ कोटी रुपये मंजूर होते, प्रत्यक्ष खर्च झाले ५,९५८.३ कोटी. (घोषणेत पहिला आकडा येतो, हिशोबाला दुसराच धरावा.) ३१ डिसेंबर २०१९ रोजी तुरुंगांत ४,७८,६०० माणसं होती. म्हणजे माणशी दिवसाला सुमारे ३४१ रुपये. बातमीत जातो तो असाच आकडा.

आता कैद्यांवरचा खर्च बघा. तो २,०६०.९६ कोटी होता, एकूण खर्चाच्या ३४.५९ टक्के. माणशी दिवसाला साधारण ११८ रुपये. त्यातले ९८६.१८ कोटी जेवणाचे, म्हणजे दिवसाला ५६ रुपयांच्या आसपास. औषधोपचारावर माणशी वर्षाला १,८७० रुपये पडले, कपड्यांवर ४७१ आणि शिक्षण व व्यवसाय प्रशिक्षण दोन्ही मिळून ५०६. हे आकडे महिन्याचे नाहीत, अख्ख्या वर्षाचे आहेत. सुटून आलेल्या माणसाने सरळ मार्गाने पोट भरावं असं आपल्याला वाटतं, आणि त्यासाठी त्याच्या हाताला काही शिकवण्यावर वर्षाला पाचशे रुपये. ‘कैद्यांचे लाड’ म्हणणाऱ्यांनी हा एक आकडा तरी डोळ्यांखालून घालावा. एक गोष्ट मात्र खटकते: कैद्यांवरच्या खर्चातला जवळजवळ ४५ टक्के भाग जेवण, औषधं, कपडे, कल्याण, प्रशिक्षण यांपैकी कशातच बसत नाही, तो ‘इतर’मध्ये जातो. इतक्या मोठ्या रकमेचा तपशील द्यायला हवा.

दोन्ही खर्चांत खरा फरक आहे तो त्यांच्या स्वभावात. कैद्यावरचा खर्च माणसांबरोबर वाढतो आणि घटतो: शंभर माणसं जास्त आली की तांदूळ, डाळ, साबण जास्त लागतो. तुरुंगाचा खर्च तसा हलत नाही. त्यातला मोठा वाटा पगाराचा, आणि बराकीत ८० माणसं असोत की १४०, पहाऱ्याला शिपाई तेवढेच असतात. त्यामुळे गर्दी वाढली की दरडोई तुरुंगखर्च आपोआप खाली येतो. एखाद्या राज्याचा आकडा कमी दिसला की कारभार काटकसरीचा आहे असा समज होतो. पण बऱ्याचदा जागा अपुरी आणि पदं रिकामी असल्यानेच तो कमी दिसतो. २०१९ मध्ये देशातल्या तुरुंगांत क्षमतेच्या ११८.५ टक्के माणसं होती, आणि मंजूर ८७,५९९ पदांपैकी ६०,७८७ भरलेली होती.

हीच गल्लत कैद्यांच्या बाजूने बोलणारेही करतात. तुरुंगात दर दहांमागे सुमारे सात जण कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून सुरू असलेले. त्यांना जामीन मिळाला तर माणशी ३४१ रुपये रोज वाचतील, असं गणित मांडलं जातं. तसं होत नाही. एक माणूस बाहेर पडला की वाचतो तो शिधा, औषध, कपडा एवढंच. पूर्ण बराक बंद झाली, नवं कारागृह बांधायची गरज उरली नाही, तर मोठी रक्कम वाचते. जामिनाच्या बाजूने भक्कम कारणं भरपूर आहेत. फुगवलेल्या बचतीची त्याला गरज नाही.

शिवाय तुरुंगाचा सगळा खर्च तुरुंगाच्या खात्यात सापडतही नाही. तुरुंग हा राज्यसूचीतला विषय आहे आणि राज्याच्या अर्थसंकल्पात त्याचं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाच्या खात्याचा क्रमांक, २०५६. पण कैद्याला कोर्टात नेणारी पोलिसांची कैदी पार्टी पगार घेते २०५५ मधून, पोलिसांच्या खात्यातून. सरकारी रुग्णालयातल्या उपचारांचा भार आरोग्य खात्यावर, म्हणून वरचे १,८७० रुपये हा कैद्याच्या उपचाराचा पूर्ण खर्च नाही. कच्च्या कैद्याच्या कोर्टाच्या फेऱ्या जास्त, तेव्हा त्याचा खर्च जितका तुरुंगाच्या पुस्तकात दिसतो त्याहून जास्त असतो. उलट बाजूही आहे: कैद्यांनी कारखान्यात बनवलेल्या वस्तूंचे पैसे ००५६ या जमेच्या शीर्षाखाली येतात. खर्चाच्या आकड्यातून ते वजा केलेले नसतात.

दोन्ही खर्च एकमेकांपासून किती सुटे होऊ शकतात ते खुल्या कारागृहात दिसतं. तिथे उंच भिंत नाही, पहारा नावापुरता. ताटातलं जेवण तेच, तरी तुरुंगखर्च उतरतो. राजस्थानात सांगानेरला तर पक्के, म्हणजे शिक्षा झालेले, कैदी बायकामुलांसह राहतात, सकाळी बाहेर कामाला जातात, संध्याकाळच्या हजेरीला परततात आणि स्वतःच्या कमाईतून घर चालवतात. तिथे पहाऱ्याचा खर्चही नगण्य आणि शिध्याचाही.