परिसरफेरी (बालवाडी), कोकण

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वर्गाबाहेर, आसपासच्या निसर्गात नेऊन खेळता खेळता शिकू देण्याची पद्धत. वर्षातून एकदा डबे बांधून गाडीने जायची ती सहल; फेरी वेगळी. ती पायी असते, तासाभराची असते आणि त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा जाते. कोकणात अशा जागा दाराशीच आहेत : पुळण (वाळूचा किनारा), खाडी, माडाची वाडी, पऱ्या (छोटा ओढा), भातखाचर, सडा (कातळाचे पठार).

जर्मनीत फ्रीड्रिख फ्रबेल यांनी १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी शाळा काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ म्हणजे ‘मुलांची बाग’ असे नाव दिले. कोकणच्या मातीत हा विचार रुजवला तो बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी. गिजुभाई बधेका यांच्यासोबत १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केल्यावर १९४५ मध्ये त्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी (तेव्हा ठाणे, आता पालघर जिल्हा) आल्या; अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांची जागा शंख-शिंपल्यांनी, बियांनी, पानाफुलांनी घेतली. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली आणि ‘अंगणवाडी’ जन्मली. १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने हा शब्द देशभर नेला. त्याआधीच, १९५७ मध्ये, बोर्डीचे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा निघाली : मुले जिथे, शाळा तिथे. फेरीचे मूळ या एका विचारात आहे.

किनाऱ्यावरच्या फेरीचे वेळापत्रक घंटा ठरवत नाही, तिथी ठरवते. तिथीच्या पाऊणपट केले की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, हा कोळ्यांचा जुना हिशेब. चतुर्थीला तिनाच्या सुमारास भरती, म्हणजे नवाच्या आसपास ओहोटी. पंचमीला पाऊण तास उशिरा. म्हणून शुद्ध आणि वद्य पक्षांतल्या चतुर्थी-पंचमीच्या सकाळी बालवाडीला सोयीच्या. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला पडते. तेव्हा मुलांना माडाच्या सावलीतच ठेवावे. बालवाडीच्या ताईंच्या टेबलावर कालनिर्णय हवे ते यासाठी.

ओसरलेल्या पुळणीवर शिकवावे लागत नाही. बारीक खेकड्यांनी बिळाभोवती वाळूच्या गोळ्यांची रांगोळी घातलेली असते; मुले उकिडवी बसतात आणि खेकडा बाहेर येईपर्यंत गप्प राहतात. चार वर्षांच्या मुलाने पाच मिनिटे आपणहून स्तब्ध बसणे ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती कोणत्याही दटावणीने साधत नाही. शिंपले आकाराने, रंगाने, खरखरीत-गुळगुळीत असे वेगळे करताना वर्गीकरण होते, ओळीत मांडताना मोजणी. ओल्या वाळूत उमटलेल्या पावलाशेजारी ताईंचे पाऊल उमटले की लहान-मोठे सांगावे लागत नाही. खेळून झाले की जिवंत शंख पाण्यात परत सोडायचा, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम.

बोलीचा प्रश्न इथेच येतो. मूल ‘कुर्ली’ म्हणाले तर आधी कुर्लीच म्हणावे. ‘खेकडा’ तिच्या शेजारी नंतर येऊन बसतो. घरचा शब्द चूक ठरवला की मूल बोलायचेच थांबते.

पावसाळ्यात समुद्र वर्ज्य. यांत्रिक मासेमारीही १ जून ते ३१ जुलै बंद असते. मग फेरी पडवीत बसून जाळी दुरुस्त करणाऱ्या आजोबांकडे जाते. मृगाचा मखमली किडा, हात लावताच वेटोळे घेणारा पैसा नावाचा किडा, पागोळ्यांखाली धरलेली ओंजळ, बांधावरून पाहिलेली लावणी हे जून-जुलैचे धडे. भाद्रपदाच्या सुमारास कातळाचे सडे फुलतात आणि निळीजांभळी सीतेची आसवे मुलांच्या गुडघ्याखाली, अगदी नजरेजवळ असतात. उन्हाळ्यात रातांबे, करवंदे, काजू येतात. पोफळीच्या गळलेल्या विरीवर (झावळीच्या रुंद बुडख्यावर) एकाने बसायचे, दुसऱ्याने ओढायचे. घर्षण म्हणजे काय ते वाळूत आणि सारवलेल्या अंगणात निरनिराळे कळते. वेळाससारख्या गावी कासवांची पिल्ले समुद्राकडे निघालेली दिसतात, तेव्हा दोरीमागे उभे राहून नुसते पाहायचे असते.

काळजी मात्र डोळ्यांत तेल घालून घ्यावी लागते. गुंजेची बी दिसायला सुंदर आणि विषारी. खाजकुयलीच्या शेंगा वाटेवर आलेल्या असतात. वाळूत पडलेल्या जेलीफिशला मेल्यावरही हात लावू नये. सागरगोटे, चिंचोके तोंडात जाण्याजोगे म्हणून तीन वर्षांच्यांना देऊ नयेत. ताई आणि मदतनीस अशा दोघी पुऱ्या पडत नाहीत. पाच-सहा मुलांमागे एक मोठे माणूस हवे. अशा वेळी कुणाची आई, कुणाची आजी सोबत येते. आजीला गावातल्या प्रत्येक झाडाचे नाव माहीत असते आणि कोणते फळ केव्हा पिकते हेही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा खेळावर व कृतीवर आधारलेला मानला आहे. तरी शिशुवर्गातच वही भरून घेण्याचा आग्रह अनेक पालक धरतात. फेरीहून आल्यावर मुलांनी काढलेली चित्रे त्यांना दाखवावीत : खेकड्याला दहा पाय आहेत की नाहीत, हे त्यांत मोजता येते.