अभ्यासगट (ग्रामसभा, विदर्भ)

एखादा विषय ग्रामसभेपुढे निर्णयासाठी येण्याआधी त्याची माहिती मिळवण्यासाठी, ती तपासण्यासाठी आणि त्यावर मोकळेपणी बोलण्यासाठी गावकरी व बाहेरचे अभ्यासक-कार्यकर्ते एकत्र बसतात, त्या बैठकीला पूर्व विदर्भात अभ्यासगट म्हणतात. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे गाव या पद्धतीसाठी विशेष ओळखले जाते. यावे-न यावे हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर असते. गरज पडेल तशी बैठक भरते आणि तिथे ठराव होत नाही. ठराव करण्याचा अधिकार फक्त ग्रामसभेचा.

उगम : याविषयी एकमत नाही. मेंढ्यातील अभ्यासगटाचा आरंभ साधारणपणे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात धरला जातो. नेमके वर्ष सांगण्याचे धाडस करू नये, कारण अनौपचारिक बैठका आधीपासून होत असाव्यात. पार्श्वभूमीबद्दल मात्र दुमत नाही. इंद्रावतीवरील भोपाळपटनम आणि गोदावरीवरील इंचमपल्ली या प्रस्तावित धरणांविरुद्ध त्या दशकाच्या पूर्वार्धात ‘जंगल बचाव – मानव बचाव’ आंदोलन झाले. बाबा आमटे व लाल श्याम शाह यांचा त्यात पुढाकार होता. या आंदोलनातून गावाच्या स्वशासनाचा विचार पुढे आला आणि ‘मावा नाटे मावा राज’ ही गोंडी घोषणा रूढ झाली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ हे तिचे मराठी रूप अधिक प्रसिद्ध आहे.

पहिल्या मतानुसार अभ्यासगट ही सर्वोदय विचाराची देणगी आहे. विनोबा भावे यांचा सर्वसहमतीचा आग्रह पवनारहून चंद्रपूर-गडचिरोलीत पोहोचला. ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांनी तो मेंढ्यात देवाजी तोफा व इतर गावकऱ्यांच्या साथीने आचरणात आणला, असे हे मत मांडणारे सांगतात. दुसरे मत गोंड समाजाच्या गावबैठकीकडे बोट दाखवते. गोटुलात, म्हणजे गोंड गावाच्या सामूहिक घरात बसून, सगळ्यांचे एकमत होईपर्यंत बोलत राहण्याची रीत तिथे पूर्वापार होती. बाहेरच्यांनी तिला नाव तेवढे दिले. जयप्रकाश नारायण यांच्या प्रेरणेने १९७५ मध्ये स्थापन झालेल्या छात्र युवा संघर्ष वाहिनीच्या शिबिरांशी नाते जोडणारे तिसरे मतही आहे. मोहनभाईंची जडणघडण त्या चळवळीत झाल्याने ते अगदीच निराधार नाही.

सर्वसहमतीपुरते पहिले आणि दुसरे मत परस्परांना छेद देत नाहीत. पण चर्चेची बैठक व निर्णयाची बैठक काटेकोरपणे वेगळी ठेवणे हे या पद्धतीचे मर्म असून, त्याचा मागोवा तिन्ही परंपरांत स्पष्टपणे लागत नाही. ते मेंढ्यातच घडले असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

कार्यपद्धती : बाहेरून येणाऱ्याला ‘सहयोगी मित्र’ म्हणतात. त्याने माहिती द्यावी, विचारावे, वादही घालावा. निर्णयात मात्र त्याचा आवाज नसतो. सुशिक्षित पाहुण्याला हे बंधन जड जाते आणि तेच त्यामागचे प्रयोजन आहे. ग्रामसभेत बहुमताने निर्णय होत नाही. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलला जातो व पुन्हा अभ्यासगटाकडे येतो. मधमाश्या न मारता मध काढणे, निस्ताराचे (घरगुती गरजेपुरते जंगलातून घेण्याचे) हक्क, दारू आणि जंगलाची राखण असे विषय या बैठकांतून गेले. जिल्ह्यात १९९३ मध्ये दारूबंदी लागू होण्यामागे व्यापक जनआंदोलन होते. त्याचे श्रेय अभ्यासगटांना देणे योग्य नाही.

बांबूचा प्रश्न : अभ्यासगटाची कसोटी लागली ती इथे. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला, नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले आणि २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. या कायद्याच्या व्याख्येत बांबू हे गौण वनोपज (इमारती लाकडाखेरीज जंगलातून मिळणारे उत्पन्न) आहे, म्हणजे तो गोळा करून विकण्याचा हक्क ग्रामसभेचा. पण १९२७च्या भारतीय वन कायद्यात ‘वृक्ष’ या व्याख्येतच बांबूचा समावेश होता. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो गवताच्या कुळातला. कायद्याने तो झाड. त्यामुळे हक्क मिळूनही वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती राहिला आणि परवान्याविना बांबू गावाबाहेर नेता येईना. दोन्ही कायद्यांतील ही विसंगती गावाने कलमांनिशी मांडली. मार्च २०११ मध्ये केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी बांबूला गौण वनोपज मानावे असे राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिले. २७ एप्रिल २०११ रोजी मेंढ्यातच, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत, वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. १९२७च्या कायद्यातील व्याख्या बदलायला मात्र २०१७ साल उजाडावे लागले आणि ती दुरुस्तीही वनक्षेत्राबाहेरच्या बांबूपुरती.

पुढे २०१३ मध्ये गावाने महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ नुसार शेतजमिनीही ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला. विनोबांच्या ग्रामदान चळवळीला ओहोटी लागून बराच काळ लोटल्यावर हे घडले, म्हणून अभ्यासकांचे लक्ष पुन्हा इकडे वळले.

मर्यादा : मेंढा लहान आणि जवळजवळ एकाच समाजाचे गाव आहे. अनेक जातींच्या, जमिनीची मालकी विषम असलेल्या गावात सर्वसहमती दुबळ्याला गप्प बसवू शकते, हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. सहयोगी मित्रावर फार विसंबण्याचा धोका चळवळीतील लोकही बोलून दाखवतात.

प्रसार : चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव व अमरावती जिल्ह्यातील पायविहीर येथील ग्रामसभांनी सामूहिक वनहक्काच्या बळावर जंगलाचे व्यवस्थापन केले, गडचिरोलीच्या कोरची तालुक्यात ग्रामसभांची महाग्रामसभा उभी राहिली. यांत सामूहिक चर्चेवर भर असला, तरी मेंढ्यासारखी वेगळी बैठक सर्वत्र नाही. कापूसपट्ट्यात शेतकरी संघटनेच्या शिबिरांनी शेतीचे अर्थकारण गावोगावी नेले. तिथे बोलणारा व ऐकणारा यांची विभागणी ठरलेली असे, म्हणून त्या शिबिरांची गणना अभ्यासगटात करत नाहीत.