फ्रान्सचे सरदार खरंच करमुक्त होते का?

‘१७८९ च्या राज्यक्रांतीपर्यंत फ्रान्सचे सरदार एक पैसाही कर भरत नसत’ हे वाक्य नोट्सपासून फॉरवर्डपर्यंत सगळीकडे फिरतं. ते अगदीच निराधार नाही. ‘ताय’ हा मुख्य प्रत्यक्ष कर उत्तरेत माणसाच्या दर्जावर ठरे आणि सरदार त्यातून सुटत.

दक्षिणेत, लांगदोक-प्रोव्हान्सकडे, मात्र तो जमिनीच्या दर्जावर होता. रयतेची म्हणून नोंदलेली जमीन सरदाराने घेतली, तर कर त्यालाच लागे. पुढे १६९५ मध्ये युद्धखर्चासाठी ‘कापितासियाँ’ हा डोईकर आला. त्यात समाजाचे २२ वर्ग पाडले होते: पहिल्या वर्गाला २००० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन), शेवटच्याला १. पहिल्या वर्गात कोण? खुद्द युवराज! १७४९ पासून उत्पन्नाचा विसावा हिस्साही सरदारांकडून मागितला जाऊ लागला.

अर्थात त्यांची आकारणी सौम्य असे, उत्पन्नही ते कमी दाखवत. त्यामुळे रयतेचा राग खोटा ठरत नाही. ‘सवलत’ म्हणा, ‘माफी’ नको.

पडताळायचं असेल, तर १६९५ चा दरतक्ता पाहा. किंवा लांगदोकच्या गावांच्या ‘कोंप्वा’ या जमीनवह्या. त्या तिथल्या अभिलेखागारांत जपलेल्या आहेत, आणि करपात्र जमिनींच्या मालकांत सरदारही सापडतात.