सनद, बर्जेस, गिरमिट : वसाहतकालीन अमेरिकेचे शब्द

वसाहतकालीन अमेरिकेचा इतिहास वाचताना चार्टर, गव्हर्नर, प्रोप्रायटर, बर्जेस, इंडेंचर हे शब्द पानोपानी येतात. त्यातला चार्टर आधी समजून घ्यावा, बाकीचे त्याच्याच पोटातून निघाले आहेत. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, सनद.

पहिल्या जेम्स राजाने १६०६ साली व्हर्जिनियात वसाहत करण्याची सनद दिली. तिच्यात अट अशी की, केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रिनिच या राजाच्या जहागिरीतली जमीन जशी धारण करतात, तशीच समुद्रापलीकडची ही जमीन धारण करावी. मुंबईचा इतिहास वाचलेल्यांना हे नाव ओळखीचं वाटेल. १६६८ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने मुंबई बेट वर्षाला १० पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला दिलं, तेव्हाही सनदेत ईस्ट ग्रिनिचच लिहिलं होतं. इथे कोळ्यांना कुणी विचारलं नाही, तिथे व्हर्जिनियातल्या मूळच्या पोव्हाटन लोकांना.

सनद कुणाच्या हाती, यावरून वसाहतीचा प्रकार ठरे. एखाद्या उमरावाला मिळाली तर तो प्रोप्रायटर, म्हणजे जवळजवळ जहागीरदारच. विल्यम पेनच्या वडिलांचं देणं राजाकडे थकलं होतं, ते फेडण्यासाठी त्याला १६८१ मध्ये पेनसिल्व्हेनिया मिळालं. राजाला द्यायचं काय, तर दरवर्षी १ जानेवारीला विंडसरच्या किल्ल्यात बीव्हरची दोन कातडी, आणि सोनंचांदी सापडलीच तर तिचा पाचवा हिस्सा. राजाने कारभार स्वतःकडे घेतला की ती रॉयल कॉलनी. व्हर्जिनियाचं १६२४ मध्ये तसंच झालं.

मॅसॅच्युसेट्सची गोष्ट मात्र सगळ्यांत वेगळी. १६२९ ची तिथली सनद एका व्यापारी कंपनीची होती. गव्हर्नर हा त्या कंपनीचा प्रमुख, फ्रीमेन हे तिचे सभासद आणि जनरल कोर्ट म्हणजे सभासदांची बैठक. ही बैठक लंडनमध्येच भरली पाहिजे, असं सनदेत कुठेही म्हटलं नव्हतं. कंपनीचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप आणि त्याच्या सोबत्यांनी ते हेरलं आणि १६३० मध्ये सनद जहाजात घालून थेट अमेरिकेत नेली. कंपनीची बैठक तिथे विधिमंडळ झाली. म्हणूनच मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाला आजही जनरल कोर्ट म्हणतात. कायदेमंडळाला कोर्ट का म्हणावं, हे कोडं इथे सुटतं.

बर्जेस म्हणजे व्हर्जिनियातला निवडून आलेला प्रतिनिधी. ३० जुलै १६१९ रोजी जेम्सटाउनच्या चर्चमध्ये २२ बर्जेस गव्हर्नरसोबत बसले. पुढच्याच महिन्यात व्हर्जिनियातल्याच पॉइंट कम्फर्टला वीसेक आफ्रिकी माणसं पकडून आणून विकली गेली. या दोन घटना मला वेगवेगळ्या वाचता येत नाहीत.

तंबाखूच्या शेतीला हात हवे होते. ते आधी इंडेंचरने पुरवले. प्रवासखर्चाच्या बदल्यात साधारण चार ते सात वर्षं राबायचा हा करार. रत्नागिरीकडची माणसं पुढे मॉरिशसला गेली ती याच धर्तीच्या करारावर. आपल्या लोकांच्या तोंडी तो ॲग्रीमेंटचा ‘गिरमिट’ झाला. पण गिरमिटाला मुदत असते, गुलामीला नाही. १६६२ मध्ये व्हर्जिनियाने कायदा केला की मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईवरून ठरेल. तेव्हापासून गुलामी जन्माबरोबर येऊ लागली. कायदा करणारी सभा बर्जेसांचीच होती.

सनद राजा देई, तसा काढूनही घेई. मॅसॅच्युसेट्सची १६८४ मध्ये रद्द झाली, १६९१ मध्ये नवी मिळाली. चहावरच्या कराच्या रागातून वसाहतवाल्यांनी बोस्टनच्या बंदरात चहा बुडवल्यावर ब्रिटिश संसदेने १७७४ मध्ये तीही मोडून काढली. तिथलं सल्लागार मंडळ आता राजा नेमणार होता, आणि गावसभा गव्हर्नरच्या परवानगीविना वर्षातून एकदाच भरणार होती. त्या वर्षी गावोगावच्या जमावांनी न्यायालयं बंद पाडली. चहाच्या कराइतकाच हा सनदेचा राग होता.

ऱ्होड आयलंडची १६६३ ची सनद मात्र टिकली. तिच्याखाली लोक आपला गव्हर्नर स्वतः निवडत, म्हणून स्वातंत्र्यानंतरही त्यांनी तीच राज्यघटना म्हणून ठेवली. पण त्या व्यवस्थेत मत होतं ते मुख्यतः जमीनवाल्यांना. गिरण्यांतले कामगार मतावाचून राहिले आणि १८४२ मध्ये थॉमस डॉरच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. तो मोडला गेला, पण पुढच्या वर्षी त्या सनदेच्या जागी नवी राज्यघटना आली.