बॉडी स्कॅन नेमका आला कुठून?

माइंडफुलनेसचं, म्हणजे जाणवेल त्याकडे सजगपणे लक्ष देण्याच्या ध्यानाचं, कुठलंही अ‍ॅप उघडा, बॉडी स्कॅन असतोच. आडवं पडायचं, पायाच्या बोटांपासून लक्ष हळूहळू वर न्यायचं, जाणवेल ते नुसतं बघायचं. याला जगभर नेलं जॉन काबाट-झिन यांनी, १९७९ मध्ये अमेरिकेत वूस्टरच्या मेडिकल कॉलेज हॉस्पिटलात क्लिनिक काढून. पेशंट कोण, तर वर्षानुवर्षं पाठ दुखतेय आणि औषधांनी काही फरक नाही असे, त्यांना तासभर मांडी घालून बसणं कुठलं जमणार, मग आडवं पडूनच करायचं. ८ आठवड्यांचा कोर्स, घरी रोज पाऊण तास, आणि बुद्धाचं नाव मुद्दामच बाजूला ठेवलेलं.

पण इगतपुरीला विपश्यनेचं १० दिवसांचं शिबिर केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, कारण मूळ एकच, ब्रह्मदेशातल्या उ बा खिन यांची परंपरा, इगतपुरीचे गोयंका गुरुजी त्यांचेच शिष्य. फक्त तिथे आधी पंचशील, मौन, पहिले ३ दिवस नुसता श्वास आणि मग चौथ्या दिवशी डोक्यापासून पायापर्यंत मन फिरवणं. संवेदना येते नि जाते, अनिच्च म्हणजे अनित्य, हे अनुभवावर कळावं म्हणून. पाठ बरी व्हावी म्हणून नाही!

आता गोऱ्यांनी धर्म काढून टाकला म्हणून नाकं मुरडणारे बरेच आहेत, मला ते अर्धवट वाटतं. ब्रह्मदेशात तरी घरसंसारातली माणसं पूर्वी कुठे सर्रास ध्यानाला बसायची? इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडाले घेतलं, राजा गेला, धर्माचा राजाश्रय गेला, त्या काळात लेडी सयाडॉ या बौद्ध भिक्खूंनी गृहस्थांनाही शिकवायला घेतलं. उ बा खिन स्वतः अकाउंटंट जनरल, ऑफिसातच ध्यान शिकवायचे. म्हणजे बदल आधीच सुरू होता.

बरं, उपयोग होतो का? माइंडफुलनेसच्या २००० सालच्या एका प्रयोगात ज्यांना ३ किंवा जास्त वेळा डिप्रेशन येऊन गेलं होतं त्यांच्यात ते परत उलटण्याचं प्रमाण ६६ वरून ३७ टक्क्यांवर आलं, पण दोनदाच आलेल्यांना फायदा दिसला नाही. मग ब्रिटनमध्ये ८ हजारांवर शाळकरी मुलांवर मोठा प्रयोग झाला, २०२२ ला निकाल आला, नेहमीच्या शिकवण्यापेक्षा काहीच सरस नाही. बहुतेक मुलांनी घरी प्रॅक्टिसच केली नव्हती म्हणे, आणि का करतील, त्यांची पाठ थोडीच दुखत होती!